हॉल मिळेल, हाल विचारू नका

रात्री पावणेदोनला काकूंनी मंडळाच्या सेक्रेटरींना फोन लावला. काका बाथरूममध्ये पडले होते आणि उठत नव्हते. मुलगा बेंगळुरूला, मुलगी अमेरिकेत. तिच्याकडे अजून आदल्या दिवसाची दुपार चालू होती. काकूंच्या डायरीत पहिला नंबर मुलाचा, दुसरा मंडळाचा. पहिला लागला नाही. दुसरा लागला.

सेक्रेटरींनी तो उचलला, हे त्यांच्या बाजूने आधीच नोंदवून ठेवतो. रात्री पदाधिकाऱ्याने फोन उचलणं ही आपल्याकडे अर्धी समाजसेवा आहे. उरलेली अर्धी त्यांनी झोपेतच उरकली. म्हणाले, "एकवीसला हॉल बुक आहे हो. बावीसला चालेल का?"

गोष्ट भिलाईची. मंडळ कोणतं ते विचारू नका. सांगितलं तर पुढच्या महाप्रसादाला माझ्या पानात जिलेबी पडणार नाही. शिवाय भिलाई, दुर्ग, रायपूर ते पार नागपूर अशा चार-पाच मंडळांचा मसाला मी एकाच पातेल्यात घातला आहे. कोणाला आपल्या घरची चव लागलीच, तर खाई त्याला खवखवे.

*

भिलाईतला मराठी माणूस हा प्रकार आधी समजून घ्या. २ फेब्रुवारी १९५५ ला पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत युनियनशी करार झाला, तेव्हा भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातलं खेडं होतं आणि राज्याची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. नागपूर मुंबई राज्यात गेलं, भिलाई मध्य प्रदेशात राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू केली. म्हणजे एखाद्याने नागपुरात नोकरीचा अर्ज टाकला तेव्हा त्याचं गाव फक्त बदलणार होतं. रुजू होईपर्यंत राज्यही बदललं. पुढे २००० साली ते आणखी एकदा बदललं, छत्तीसगढ झालं. क्वार्टर मात्र तेच.

आणि काय क्वार्टर! घर कारखान्याचं, वीज कारखान्याची, पाणी कारखान्याचं. पोरगं जन्माला आलं की सेक्टर ९ चा दवाखाना, मोठं झालं की कारखान्याची शाळा, रविवारी फिरायला मैत्री बाग. तिथले पांढरे वाघसुद्धा कारखान्याचे. नळ गळला तर तक्रार नोंदवायची आणि माणूस येण्याची वाट बघायची. आईबापांचं सगळं काम कारखाना करत होता. मंडळाकडे उरलं आजीचं काम: गोष्टी सांगायच्या आणि लाडू द्यायचे.

ते मंडळांनी चोख केलं, हे खोटं कशाला बोला? गणपती बसले, कोजागरीचं दूध आटलं, एकांकिका झाल्या. नागपूरहून पेढे आले आणि पुण्याहून दिवाळी अंक. जिथे रोजचं बोलणं हिंदीत, बाजार छत्तीसगढीत आणि साहेबाची फाईल इंग्रजीत, तिथे वर्षातून दहा दिवस 'ळ' जिवंत ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती.

फक्त झालं असं, की आजीला लाडवांची सवय लागली. घरात कोणी आजारी पडलं तरी ती लाडूच काढते.

*

मंडळ रहिवाशांना कोणकोणत्या सेवा देतं, याची यादी कार्यालयाच्या भिंतीवर काचेत लावलेली असते. मी ती वाचून काढली.

पहिली सेवा, हॉल. सभासदांना सवलतीत, इतरांना पूर्ण भाड्यात. स्वयंपाकघर वेगळं, जनरेटर वेगळा, गाद्या मोजून. मंडळाचं उत्पन्न त्यातून येतं आणि मंडळाचं डोकंही त्यातच जातं. सभेच्या इतिवृत्तात 'माणूस' हा शब्द शोधला तर सापडत नाही. 'सीलिंग फॅन' अकरा वेळा सापडतो.

दुसरी सेवा, वधू-वर सूची. दर वर्षी छापली जाते. त्यात मुलीकडच्यांची अट असते, मुलगा पुण्यात किंवा बेंगळुरूत स्थायिक हवा. मुलाकडच्यांचीही तीच. म्हणजे पुढच्या पिढीने गाव सोडावं याची व्यवस्था मंडळच करतं, छापून करतं, आणि मग वार्षिक सभेत गळा काढतं की तरुण मंडळी येत का नाहीत. तरुण मंडळी येतील कशी? तुम्हीच तर त्यांना सूचीतून पाठवून दिलं.

तिसरी सेवा, हळदीकुंकू. संक्रांतीला वाण लुटायचं, उखाणे घ्यायचे, प्लास्टिकचा डबा घेऊन घरी यायचं. काही मंडळांनी रीत बदलली, त्यांना माझा नमस्कार. पण अजूनही कितीतरी ठिकाणी, ज्या बाईला शेजारणीची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकं तिलाच त्या दिवशी निमंत्रण जात नाही.

चौथी सेवा, सत्कार. पंच्याहत्तरी झाली की शाल, श्रीफळ. सत्काराला लागणारी एकमेव पात्रता म्हणजे जिवंत असणं. ते टिकवण्याच्या कामी मात्र मंडळाचा सहभाग नसतो.

पाचवी सेवा, व्हॉट्सॲप ग्रुप. सकाळी सहा ते नऊ सुप्रभात, संध्याकाळी भावपूर्ण श्रद्धांजली. दुपारची वेळ मोकळी आहे, तिथे कोणी विचारलं की "ओ निगेटिव्ह रक्त मिळेल का?", तर त्याखाली सव्वीस हात जोडलेले येतात. रक्त येत नाही.

*

आता टाउनशिपकडे बघा. कायम कामगार वर्षागणिक घटले, ठेक्यावरचे वाढले. जुन्यांपैकी कोणी क्वार्टर लीजवर घेतलं, कोणी हुडको, नेहरूनगर, रिसालीत घर बांधलं. पोरं हुशार निघाली, कारण भिलाईचं आणखी एक उत्पादन म्हणजे आयआयटीत जाणारी पोरं. पोलाद आणि पोरं, दोन्ही माल उत्तम प्रतीचा आणि दोन्ही बाहेरगावी रवाना. मागे राहिले दोन म्हातारे, एक पेरूचं झाड आणि एक लँडलाईन, जी बंद पडली तरी तिच्यावरचं क्रोशाचं झाकण दर सोमवारी धुतलं जातं.

या दोघांना काय लागतं? नोव्हेंबर आला की आपण जिवंत असल्याचा दाखला लागतो. पेन्शनसाठी. हल्ली तो मोबाईलवर निघतो, चेहरा किंवा अंगठा दाखवून. पण चाळीस वर्षं मशीन चालवलेल्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नसतात. मशीन म्हणतं, तुम्ही तुम्ही नाही. मग सेलच्या निवृत्तांच्या मेडिक्लेमचं दर वर्षीचं नूतनीकरण. तारीख चुकली तर बसा. मग मोतीबिंदूनंतर घरी आणायला एक माणूस. बँकेत 'केवायसी' नावाच्या सत्यनारायणाला बसायला एक माणूस. आणि रात्री पावणेदोनला एक माणूस.

हे सगळं येणारी माणसं मंडळाच्या सभासद यादीतच आहेत, हा यातला विनोद. निवृत्त नर्स आहेत, अकाउंट्समध्ये उभी हयात घालवलेले आहेत, ज्यांना फॉर्मचा प्रत्येक रकाना तोंडपाठ आहे. फोरमन आहेत. ज्यांच्या कारखान्याने दोनशे साठ मीटर लांबीचा जोडलेला रूळ एकसंध ठेवून रेल्वेमार्फत देशभर पोचवला, त्यांना तीन सडका पलीकडे एक माणूस पोचवता येत नाही?

आणि शिफ्ट कशाला म्हणतात, हे भिलाईकराला कोणी शिकवायचं? फर्स्ट, सेकंड, नाइट. भट्टी विझू द्यायची नाही, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. होळीला, दिवाळीला, बायकोच्या बाळंतपणालासुद्धा कोणी ना कोणी नाइटला होताच. लोखंडासाठी साठ वर्षं हे जमलं. शेजारच्या काकांसाठी मात्र "रात्रीचं कोण बघणार?"

*

बाकीच्यांनी काय केलं, तेही याच गावात बघायला मिळतं. भिलाईत देशाचा नकाशा सेक्टरवार लावलेला आहे. सेक्टर ६ मध्ये बंगाल्यांची कालीबाडी, तिथेच गुरुद्वारा, तिथेच मशीद. सेक्टर २ मध्ये अय्यप्पा, सेक्टर ५ मध्ये बालाजी, सेक्टर ४ मध्ये जगन्नाथ. प्रत्येकाने आपला देव बरोबर आणला. इथपर्यंत सगळे सारखे.

फरक पुढे पडतो. श्री नारायण गुरूंना मानणाऱ्या मल्याळी मंडळींनी त्यांच्या नावाने सेक्टर ४ मध्ये शाळा काढली. त्या शाळेत कोणाकोणाची पोरं शिकली! बिहारी, छत्तीसगढी, तेलुगू, आपलीसुद्धा. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसताना कोणी आडनाव विचारत नाही. आमच्याकडे कूपन विचारतात. कूपनावर सभासद क्रमांक, क्रमांकावरून रांग, आणि 'पाहुण्यांसाठी वेगळा दर'.

"आपली परंपराच सांस्कृतिक आहे हो," असं यावर ऐकवलं जातं. परंपरेचं म्हणाल तर या मुलुखातली आपली परंपरा बरीच दांडगी आहे. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' निघालं, ते माधवराव सप्र्यांनी काढलं. हिंदीत काढलं, कारण वाचणारे हिंदी होते. त्यांच्या जोडीला वामनराव लाखे होते. या लाख्यांनी १९१३ साली रायपुरात सहकारी बँक उभी केली, सावकाराच्या दाराशी बसलेल्या शेतकऱ्यासाठी. रायपूरचं लाखेनगर त्यांच्याच नावाचं. दोघांनी 'मराठी मातृभाषा असलेल्यांसाठी' अशी अट कुठे घातली नव्हती. म्हणून आज दोघांची नावं छत्तीसगढच्या इतिहासात आहेत. आमची हॉलच्या फरशीवर आहेत: 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, एक पंखा.'

*

पण खरा चिमटा बसतो तो दल्ली-राजहराला गेल्यावर.

भिलाईची भट्टी ज्या खनिजावर पेटली, ते तिथल्या खाणींतलं. खाणीत ठेक्यावर राबणाऱ्या माणसांना क्वार्टर नाही, सेक्टर नाही, मैत्री बाग नाही. १९७७ साली शंकर गुहा नियोगींबरोबर त्यांनी युनियन बांधली. त्याच वर्षी जूनच्या २ आणि ३ तारखेला पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण गेले. पुढे युनियनची एक बाई पदाधिकारी बाळंतपणात दगावली. दुखवट्याचा ठराव झालाच असेल. पण ती माणसं ठरावावर थांबली नाहीत. आपल्याला दवाखाना हवा तर तो आपणच बांधू, असं म्हणाली. रोजंदारीवरच्या माणसांनी वर्गणी काढली, सुट्टीच्या दिवशी घमेली उचलली आणि ३ जून १९८३ ला शहीद हॉस्पिटल उघडलं. गोळीबारात गेलेल्यांच्या नावाने, त्याच तारखेला. सुरुवातीला पंधरा खाटा होत्या.

नियोगींचा १९९१ साली खून झाला. भिलाईतच, रात्री, झोपेत. दवाखाना बंद पडला नाही. आमच्याकडे अध्यक्ष पंधरा दिवस मुलाकडे गेले तर लेटरहेड सापडत नाही.

हिशेब मांडायला फार अवघड नाही. ज्यांना कारखान्याने सगळं दिलं, त्यांनी गणपती बसवला. ज्यांना काहीच दिलं नाही, त्यांनी दवाखाना बांधला. आता कारखाना आमच्याही डोक्यावरचा हात हळूहळू काढून घेतोय आणि आमच्याकडे आहे काय? एक स्टेज, दोन कॉर्डलेस माइक आणि शंभर प्लास्टिकच्या खुर्च्या, ज्यांतल्या आठ मोडक्या. स्ट्रेचर नाही.

*

हे सगळं मी वार्षिक सभेत बोललो. म्हणजे बोलायला उभा राहिलो. 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' हा सभेचा शेवटचा मुद्दा असतो आणि तो नेहमी चहाच्या वेळी येतो.

"एक यादी करू," मी म्हटलं. "कोण एकटं राहतं, कोणाच्या घराची जादा किल्ली कोणाकडे आहे, कोणाचा रक्तगट काय. रात्रीसाठी आठवड्याला सात जणांची पाळी लावू. नोव्हेंबरात हॉलमध्ये दोन दिवस टेबल टाकून सगळ्यांचे हयातीचे दाखले काढून देऊ. मराठी असो, नसो. हॉलला भाडं लागणार नाही, हॉल आपलाच आहे."

खजिनदार म्हणाले, नोव्हेंबर लग्नसराईचा महिना आहे.

एका वकील सभासदांनी विचारलं, "उद्या कोणाला दवाखान्यात नेताना वाटेत काही झालं, तर जबाबदारी कोणाची?" न नेता घरीच काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे कोणी विचारलं नाही. तो प्रश्न घटनेत बसत नव्हता.

सांस्कृतिक प्रमुख म्हणाल्या, मंडळाच्या घटनेत आरोग्य हा शब्दच नाही. खरं होतं. घटनेत 'संवर्धन' आहे, 'जतन' आहे, 'जोपासना' आहे. सगळं भाषेचं. भाषा बोलणारा माणूस मात्र आपापल्या जबाबदारीवर.

सेक्रेटरी दुखावले. "आम्ही करूनच राहिलो ना भाऊ! घरचं सोडून करून राहिलो. तुम्ही पेपरात लिहिता, आम्ही दऱ्या उचलतो." हेही खरं. दऱ्या तेच उचलतात, तेही साठी उलटल्यावर. मला त्यांचा राग नाही. दरी उचलणाऱ्याची कंबर मोडते आणि बसणाऱ्याची तक्रार संपत नाही, हा मंडळांचा जुनाच दस्तूर.

मग अध्यक्षांनी वही पुढे ओढली आणि शांतपणे विचारलं, "ठीक आहे. पाळ्या लावू. तुमचं नाव कोणत्या रात्री लिहू?"

सभागृहातले सगळे पंखे मला एकदम ऐकू यायला लागले. मी म्हटलं, "मला दिवसाची चालेल. रात्री जरा... माझा कॉलम असतो."

एक उपसमिती नेमली गेली. नाव 'आपत्कालीन साहाय्य उपसमिती'. तिची पहिली बैठक कोजागरीमुळे पुढे गेली, दुसरी दिवाळीमुळे. आपत्ती सोयीने यावी, अशी विनंती रहिवाशांना व्हॉट्सॲपवर करण्यात आली नाही एवढंच.

*

त्या रात्री काकांचं पुढे काय झालं, ते राहिलंच.

काकूंनी बावीस तारीख नको म्हणून फोन ठेवला. डायरीत तिसरा नंबर होता माझा. माझा मोबाईल सायलेंटवर होता. सकाळी पाहिलं, तीन मिस्ड कॉल. हे सभेत मी बोललो नव्हतो.

चौथा नंबर डायरीत नव्हताच. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर, गॅस सिलिंडरच्या नंबरखाली खडूने लिहिलेला होता. कामाला येणाऱ्या बाईंचा. काकूंनी तो लावला. सुपेल्याहून त्या पोराच्या ऑटोत वीस मिनिटांत आल्या. दार आतून उघडायला काकूंचे हात थरथरत होते. यांनी आपल्याकडच्या किल्लीने उघडलं. काकांना चादरीत घेऊन दोघांनी ऑटोत घातलं. काकू रडायला लागल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "चिंता झन कर दाई, मैं हवँ न." आणि सेक्टर ९. काकांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालतात आणि मंडळाच्या सुप्रभातला नेमाने हात जोडतात.

पुढच्या सभेत एकाने सुचवलं, त्या बाईंचा सत्कार करू. कल्पना सगळ्यांना आवडली. टाळ्यासुद्धा पडल्या. मग कोणीतरी घटना उघडली. सत्कार सभासदाचाच करता येतो. सभासद व्हायला मातृभाषा मराठी लागते. बाईंची छत्तीसगढी. विषय कार्यकारिणीकडे सोपवला, कार्यकारिणीने उपसमितीकडे. उपसमितीची बैठक अजून व्हायची आहे.

वर्धापनदिनाला त्या हॉलवर होत्या. पुढे भाषणं चालली होती, समाजसेवेचा वारसा वगैरे. त्या मागच्या अंगणात महाप्रसादाची पातेली घासत होत्या. पदराला किल्ल्यांचा जुडगा बांधलेला होता. मी हात धुवायच्या निमित्ताने गेलो आणि मोजल्या.

सात घरांच्या होत्या. सगळी आजीव सभासदांची.